हँडल वळवा, पेडल काढा

कोंडीरामला परदेशातून बोलावणं आलं ही बातमी केडगावला मी दिली, आणि ती काही साधीसुधी दिली नाही. माळवदावर कर्णा चढवला, बॅटरी जोडली आणि पुणे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, की आपल्या गावचा कोंडीराम, सात दिवस सात रात्री जमिनीला पाय न लावता सायकल चालवणारा कोंडीराम, विमानात बसून मॉरिशसला निघाला आहे आणि त्याच्याबरोबर त्याची सायकलही निघाली आहे! गोठ्यातल्या म्हशी बिथरल्या. माझी आई खालून ओरडली, "सादेवा, आरं आदी त्या कोंडीरामाला तर सांग!" ते राहूनच गेलं होतं. तो त्या दिवशी नेप्तीच्या बाजूला कुणाच्या तरी विहिरीच्या कामावर होता. त्याने स्वतःची बातमी कर्ण्यावरूनच ऐकली आणि पायाच्या चिखलासकट पळत आला.

मी सहादेव. तेव्हा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा करायचो. लग्न, बारसं, निवडणूक, तमाशा, जिथे आवाज लागेल तिथे मी. पण माझा खरा जीव कोंडीरामच्या खेळात होता. ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांची मला कीव येते, म्हणून सांगतो. मोकळ्या पटांगणात दोर बांधून रिंगण आखायचं, मधोमध खांब, खांबावर माझा कर्णा आणि ट्यूबलाइट. कोंडीराम एकदा सायकलवर चढला की आठवडाभर उतरायचं नाव नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळसुद्धा सायकलवर. त्याची बायको चांगुणाबाई तांब्या घेऊन बाजूने पळायच्या आणि पाणी ओतायच्या, आणि हा गडी साबण लावत रिंगण घ्यायचा. डुलकी कशी काढायचा ते मला इतकी वर्षं शेजारी उभं राहूनही कळलं नाही. बाकीचे विधी कसे उरकायचा, असं लोक मला कानाशी येऊन विचारायचे. ते मी माइकवर कधी सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

संध्याकाळी गर्दी जमली की कसरती सुरू. सीटवर उभं राहायचं, जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा, पाठमोरं बसून चालवायची. मी वर्णन करायचो. निम्मा खेळ माझ्या तोंडात होता असं माझं म्हणणं. कोंडीराम म्हणायचा, "तुझ्या तोंडामुळंच मला झोप लागत न्हाई. म्हनून तर सात दिवस टिकतो."

हे वेड त्याला लागलं छप्पन साली. दीक्षेला नागपूरला जायचं ठरलं तेव्हा केडगावातली माणसं रेल्वेने निघाली. कोंडीराम तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. गर्दीत ताटकळायला नको म्हणून उसनी सायकल घेतली आणि एकटाच सुटला. गेला आणि परत आला. येताना त्याच्या मनात हिशेब पक्का झाला होता, की जो माणूस नागपूरपर्यंत पायडल मारू शकतो तो एका जागी कितीही मारू शकेल. त्यानंतर नगर जिल्ह्यातलं क्वचितच एखादं मोठं गाव राहिलं असेल, जिथे त्याने रिंगण घातलं नाही. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला पूर्वी लांबूनच पाणी वाढलं असतं, त्याला बघायला सगळं गाव दोराला टेकून उभं राहायचं. ते बघून मला फार बरं वाटायचं.

आता मॉरिशसचं. एकाहत्तरच्या पौषात कोल्हारला भगवतीची यात्रा होती आणि आमचं रिंगण मनमाड रस्त्याला लागूनच होतं. शिर्डीला निघालेली एक मोटार गर्दीत अडकली. त्यातून एक वयस्कर पाहुणे उतरले. त्यांचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला मॉरिशसला गेले होते. मराठी बोलायचे, पण आपल्याला ओळखीचा शब्द अनोळखी ठिकाणी भेटावा तसं. ते दोराला टेकले ते दिवस मावळेपर्यंत तिथेच. शिर्डी राहिली बाजूला. शेवटी सायकलच्या बाजूने चालत चालत कोंडीरामला म्हणाले, "आमच्या देशात या. स्वातंत्र्यदिनाला. तुम्ही आणि ही सायकल."

आम्हाला वाटलं, मोठी माणसं बोलतात आणि मोटारीत बसून जातात. पण हा माणूस शब्दाचा पक्का निघाला. पासपोर्टाच्या खेपा झाल्या, मध्येच लढाई लागली आणि नगरच्या कँपातून रणगाडे निघून गेले, तेव्हा कोण कुठलं मॉरिशस असं झालं. आणि बहात्तरच्या फेब्रुवारीत तिकीट हजर! मार्चमध्ये खेळ. एका माणसाचं तिकीट, आणि सायकल आणाच असा निरोप.

सायकल न्यावीच लागणार होती. ती दुकानातली सायकलच नव्हती मुळी. साखळीचं पुढचं चक्र लहान, सीट खाटेसारखी रुंद, ब्रेक नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. दुसऱ्या कुठल्या सायकलवर कोंडीराम सात दिवस बसला असता तर आठव्या दिवशी त्याला उचलूनच न्यावं लागलं असतं.

पण तिच्यात आणखी एक गोष्ट होती, आणि सगळी गंमत तिथेच अडली. त्या सायकलला नट नव्हते.

त्याचं असं झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी राहुरीला खेळ होता. तेव्हा शेवटची कसरत जोडीची असायची. चांगुणाबाई हँडलवर बसायच्या, दोन्ही हात पसरायच्या, आणि कोंडीराम हात सोडून रिंगण घ्यायचा. राहुरीला चौथ्या दिवशी हँडल मानेतून सैल झालं आणि गर्रकन फिरलं. दोघं पडली. चांगुणाबाईंचं डावं मनगट मोडलं. हाडवैद्याने बसवलं, पण वाकडंच बसलं, आणि ते तसंच राहिलं. ते हँडल खेळाच्या आधी कोंडीरामने स्वतः आवळलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तो सायकल घेऊन नागापूरच्या नव्या एमआयडीसीत गेला. तिथे कारभारी नावाच्या आमच्या दोस्ताचं वेल्डिंगचं वर्कशॉप. कोंडीराम त्याला म्हणाला, जिथं जिथं नट हाय तिथं वेल्डिंग मार. कारभारीने हँडल पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जोडून टाकलं, पेडलं त्यांच्या दांड्यांना जोडून टाकली, सीटची नळीही जोडली. आता हलेल असं काही उरलंच नाही. आणि चांगुणाबाई त्यानंतर कधी हँडलवर बसल्या नाहीत. बसा असं कुणी म्हटलंही नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी पुण्याच्या विमान कंपनीच्या ऑफिसात जाईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. गेलो होतो मीच, कारण इंग्रजी ऑफिसात बोलायचं म्हणजे आवाज पाहिजे, असं गावाचं मत. टेबलामागे एक बाई बसलेल्या. मी विचारलं, "सायकल विमानात चालते का?"

"विमानात चालत नाही, विमानातून जाते," बाई म्हणाल्या. मला बाई आवडल्या.

मग त्यांनी नियम सांगितले. सायकल नेता येते, पण सामान म्हणून. माणसाला वीस किलो फुकट, सायकलही त्याच वीस किलोत. पेडलं काढायची. हँडल सैल करून चौकटीच्या रेषेत वळवायचं, म्हणजे ते दुसऱ्यांच्या बॅगांत घुसणार नाही. टायरमधली हवा सोडायची. सगळं नीट गुंडाळायचं.

"आणि मग तिकडे पुन्हा कोण जोडणार?"

"प्रवासी. ज्याची सायकल, त्यानेच जोडायची."

मी सगळं पाठ करत, घोकत घोकत एसटीने परत आलो. आनंदाने मला बसवत नव्हतं. आमच्या सायकलीसाठी विमानवाल्यांनी आधीच नियम करून ठेवले आहेत, म्हणजे त्यांना आमची केवढी काळजी! केडगावला उतरलो तो थेट कर्णा गाठला. "हँडल वळवा, पेडल काढा, हवा सोडा! वीस किलो, वीस किलो, वीस किलो!"

सगळं गाव गोळा झालं. हवा का सोडायची यावर पारावर मोठी खडाजंगी झाली. कुणी म्हणालं, वर गेल्यावर ट्यूब फुगून फुटते. मग राहीबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, "ट्यूब फुगती, तर मग मानसाचं कसं?" त्यावर उपाय म्हणून कोंडीरामने प्रवासाच्या दिवशी उपाशी राहावं असं बहुमताने ठरलं.

या सगळ्या दंग्यात कोंडीराम मागे उभा होता. पेडल काढा म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. हँडल वळवा म्हटल्यावर तो निघून गेला. मला दिसलं, पण मी बोलण्याच्या भरात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. "जयभीम सादेव. त्येंना कळवून टाक. मी न्हाई जात."

माझं डोकंच सणकलं. "न्हाई जात म्हंजे? आरं गाव तुझ्यासाठी जिवाचं रान करतंय! पासपोर्ट काढला, तिकीट आलं, आन् आता?"

"सायकल जोडल्याली हाय. ती सुटत न्हाई."

"मग कापू! कारभारीनं जोडली, कारभारीच कापंल. नवे आटे पाडंल. त्यात काय? चार नटांसाठी तू विमान सोडतो? तुझ्यासारखा येडा मी..."

"नट न्हाई रं," तो म्हणाला. आवाज इतका लहान की मला पुढे वाकावं लागलं. "तिकडं गेल्यावर जोडनार कोन? मीच ना? ह्याच हातांनी?" त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "राहुरीला ह्याच हातांनी आवळलं हुतं."

या माणसाने इतकी वर्षं स्वतःच्या हाताने एकही नट आवळला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मला त्याचा राग येत होता तो सगळा गळून गेला. मला रडूच यायला लागलं. इतका धीट गडी, सीटवर उभा राहून फेटा बांधणारा, आणि पान्याला भिणारा.

तो गेल्यावर थोड्या वेळाने रस्त्यावरून चाकाचा आवाज आला. बघतो तर चांगुणाबाई सायकल हातात धरून निघालेल्या. चांगला हात हँडलवर, वाकडा सीटवर.

"वहिनी, कुठं?"

"नागापूरला."

"चालत? आवो, सगळं नगर पार करून जायाचं..."

"बसून जाता येत न्हाई, मंग चालतच जायाचं की. येताय का? आलात तर तोंड बंद ठिवा."

मी गेलो, आणि तोंडही बंद ठेवलं. नगरच्या भर बाजारातून ही बाई ती बिनघंटीची सायकल ढकलत चालली होती आणि मागे मी. लोक वाट सोडत होते.

कारभारीने सायकल कापायला चक्क नकार दिला. म्हणाला, "वहिनी, कोंडीराम माजा गळा धरंल. त्यानं मला सांगितलं हुतं, ही जोड मरेस्तवर सुटली न्हाई पायजे."

चांगुणाबाईंनी वाकडं मनगट पुढे केलं. "मोडलं कुनाचं? माझं. मंग कापायचं का न्हाई ते मी सांगनार. काप."

ठिणग्या उडाल्या. हँडल कापलं, पेडलं कापली. कारभारीने लेथवर नवी पेडलं बसवायला आटे पाडले, डाव्या पेडलला उलटे, उजव्याला सुलटे. हँडलच्या मानेत नवा लांब बोल्ट घातला. हे चाललं असतानाच कोंडीराम धापा टाकत दारात आला. कुणी तरी त्याला सांगितलं असणार. तो कापलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला. आता भांडण होणार म्हणून मी पुढे झालो, पण तो नुसता खाली बसला. चांगुणाबाईंनी त्याच्या हातात पाना दिला. "रयवारी पटांगनात जोडून दावायची. समद्या गावापुढं."

मग काय! परवानगी मिळाल्यासारखा मी दोन दिवस कर्णा सोडला नाही. रविवारी केडगाव तर आलंच, नगरहूनही माणसं आली. मी खांबाखाली माइक धरून उभा, कारभारी शेजारी, आणि मधोमध कोंडीराम आणि त्याची सायकल.

सोडायचं काम झटक्यात झालं. हवा सोडली, फुस्स आवाजाला पोरांनी टाळ्या पिटल्या. पेडलं काढली, हँडल वळवलं, पोत्यात गुंडाळून सुतळीने बांधलं. मी ओरडलो, "विमान सुटलं! विमान पोचलं! आता मॉरिशस!" कोंडीरामने पोतं सोडलं. पेडलं बसवली. हवा भरली. हँडल सरळ केलं, पाना लावला आणि आवळायला लागला.

आवळलं. पुन्हा आवळलं. पान्यावर सगळं वजन टाकून आवळलं. कपाळावरून घाम ओघळत होता. मग सायकल उभी धरून तो नुसता उभा राहिला. टांग टाकेना. गर्दीत कुजबूज सुरू झाली. मी काही तरी विनोद केला, कुणी हसलं नाही.

"कारभारी," कोंडीराम म्हणाला, "एकदा तू आवळ."

कारभारीने हात पुढे केला आणि चांगुणाबाईंनी तो वाटेतच अडवला. "कारभारी चाललेत का मॉरिशसला? न्हाई ना? मंग ऱ्हाऊ द्या."

त्या पुढे आल्या. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत गच्च धरलं आणि हँडल दोन्ही हातांनी पिळलं, सैल आहे का बघायला सायकलवाले पिळतात तसं. हललं नाही. वाकड्या मनगटावरही त्यांनी पुरता जोर टाकला होता. "पक्कं हाय," त्या म्हणाल्या.

"तवा बी पक्कंच वाटलं हुतं," कोंडीराम म्हणाला. "तुझा हात..."

"हात माझा हाय. त्याचं मला म्हाईत." मग त्यांनी लुगड्याचा काष्टा नीट खोचला. "धरा सायकल. मी बसनार."

"चांगुणे, न्हाई!"

"किती वर्सं मी ह्या सायकलीच्या मागं पळते हाय? भाकर घिऊन पळते, पानी घिऊन पळते. माझे पाय दुखायला लागले आता. बसू द्या मला."

कोंडीरामने सायकल धरली. त्या हँडलवर बसल्या. त्याने टांग टाकली, सायकल एकदा डगमगली, आणि मग ती निघाली. पहिलं रिंगण त्याने दोन्ही हातांनी धरूनच घेतलं, मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. दुसऱ्या रिंगणाला चांगुणाबाईंनी हात पसरले. एक सरळ, एक वाकडा. आणि तिसऱ्या रिंगणाला, माझ्या अगदी समोरून जाताना, कोंडीरामने हात सोडले!

माइक माझ्या हातात होता आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लोकांनीच आरडाओरडा सुरू केला. टोप्या उडाल्या, राहीबाई नाचायला लागली, कारभारीने मला उचलून घेतलं. मग मला वाचा फुटली आणि काय काय बोललो ते मला आठवत नाही. लोक सांगतात, मी स्वतःचंच नाव सतरा वेळा घेतलं. घेतलं असेल.

पुढच्या दिवसांत आम्ही सगळेच हवेत होतो. नगरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या काट्यावर सायकल चढवली. हमाल म्हणाले, हा कुठला वाण? वीस किलोत ती बसली, वर एक जोड कपडे आणि पाना बसेल इतकी जागा उरली. तेवढ्याच जागेत साऱ्या केडगावला काही ना काही घालायचं होतं.

मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर आम्ही तिघं गेलो. दिवसाढवळ्या पोचलो तरी तिथे इतके दिवे लागलेले की कोंडीराम म्हणाला, "हितं रिंगन घातलं तर ट्यूबलाइट लागनार न्हाई." तो सकाळपासून उपाशी होता, गावाच्या ठरावाप्रमाणे. खिडकीपाशी रांगेत आमचा नंबर आला. पांढऱ्या सदऱ्यातल्या साहेबांनी पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं. काटा वीसच्या पुढे गेला. चांगुणाबाईंनी शांतपणे पोत्याच्या कोपऱ्यात हात घातला आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं बाहेर काढलं, मग लसणाचं, मग कुणी तरी गुपचूप खुपसलेली गुळाची ढेप. साहेब बघत राहिले. काटा वीसवर आला. साहेबांनी गुळाचा एक खडा मागून घेतला.

मग त्यांनी नियमाप्रमाणे पोतं सोडून दाखवायला सांगितलं. पेडलं काढलेली, बघितली. हवा सोडलेली, अंगठ्याने दाबून बघितली. हँडल वळवलेलं, त्यांनी हात लावला तसं ते सैलसं फिरलं.

"हे तिकडे नीट बसवावं लागेल," साहेब म्हणाले. माणूस भला होता. "तुमचा सात दिवसांचा खेळ आहे म्हणता. काही काळजी करू नका. तिथे आमचा मेकॅनिक आहे, अगदी तयार माणूस. मी निरोप पाठवतो. तुम्ही विमानतळाबाहेर पडायच्या आत तो सायकल जोडून, सगळं आवळून ठेवील. तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

मी कोंडीरामच्या पाठीत हलकेच कोपर मारलं. म्हटलं, देवासारखा माणूस भेटला, घे की! पटांगणातलं एक दुपारचं धाडस वेगळं आणि परमुलखातले सात दिवस वेगळे, हे मलाही कळत होतं. मी चांगुणाबाईंकडे बघितलं. त्या गाठोडी बांधत होत्या, मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

कोंडीरामने हँडल पुन्हा चौकटीच्या रेषेत लावलं. पोतं ओढून घेतलं, सुतळी आवळून गाठ मारली.

"साहेब, लई उपकार तुमचं," तो म्हणाला. "पर त्येंना सांगा, पोतं सोडू नका. हँडल मी आवळनार."

साहेब हसले आणि पोत्याला चिठ्ठी बांधली. चांगुणाबाईंचे हात पुन्हा चालू झाले.

मार्चच्या शेवटी आम्ही दोघं त्याला घ्यायला गेलो. जाताना वाटेत मी प्रश्नांची जुळणीच करून ठेवली होती. समुद्र कसा दिसतो, विमानात काय खायला देतात, तिकडचे मराठी लोक कसे बोलतात, सातव्या दिवशी किती गर्दी होती. तो दारातून बाहेर आला तेव्हा गळ्यात कागदी फुलांचा हार होता, चेहरा उन्हाने काळा पडला होता आणि खांद्यावर पोतं होतं. मी तोंड उघडलं, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो सरळ चांगुणाबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"हँडल हाललं न्हाई," तो म्हणाला. "एकदा बी न्हाई."

"मला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्यावरचं पोतं उतरवायला हात पुढे केला.